वाचक कोणास म्हणावे ? : डिंगोरे-ओतूर परिसराच्या अनुषंगाने वाचनसवयींचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वाचनाच्या सवयींची पाहणी हा पदव्युत्तर प्रबंधिकांचा एक रुळलेला विषय आहे. अशा पाहणीची प्रश्नावलीही बहुधा ठरलेली असते. आपण वाचता काय ? आठवड्यातून किती तास वाचता ? कोणता वाङ्मयप्रकार आवडतो ? पुस्तक छापील आवडते की मोबाइलच्या पडद्यावरचे ? गेल्या वर्षभरात किती पुस्तके विकत घेतली ? एवढे विचारून झाले की उत्तरांची कोष्टके मांडली जातात आणि त्यांवरून निष्कर्ष काढला जातो. शहरातील महाविद्यालयात ही प्रश्नावली बऱ्यापैकी उपयोगी पडते. परंतु तीच प्रश्नावली घेऊन अभ्यासक खेड्यात गेला की पहिल्याच प्रश्नाला पुष्कळांकडून नकार येतो, आणि पुढील सर्व रकाने रिकामे राहतात. मग ‘ग्रामीण भागात वाचनसंस्कृतीचा अभाव आहे’ हे वाक्य प्रबंधिकेच्या अखेरीस येऊन बसते.

या वाक्यामागे एक गृहीत दडलेले आहे. एकाने, एकट्याने, मनातल्या मनात, स्वतःच्या मालकीच्या अथवा ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकातून केलेली क्रिया म्हणजे वाचन, असे ते गृहीत होय. मराठी समाजात वाचनाची ही रीत आज सर्वत्र परिचित असली, तरी ती एकमेव नव्हे आणि जुनीही नव्हे. एकाने मोठ्याने वाचावे व अनेकांनी ऐकावे, ही रीत आपल्याकडे कित्येक शतके चालत आली आहे. ज्या वृद्ध स्त्रीने ‘हरिविजय’ दहा चातुर्मासांत दहा वेळा ऐकला, त्यातील कोणता प्रसंग कोणत्या अध्यायात येतो हे जी अचूक सांगते, तिची नोंद आपल्या कोष्टकात ‘वाचन नाही’ या रकान्यात व्हावी काय ? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. त्याचा विचार पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यातील डिंगोरे-ओतूर परिसराच्या आधाराने केला आहे. हाच परिसर निवडण्याचे कारण लेखाच्या चौथ्या भागात स्पष्ट होईल.

२. परिसराचा परिचय

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर डिंगोरे हे गाव आहे. ही वाट पुढे कल्याणला उतरते, त्यामुळे या भागाचा मुंबईशी संबंध जुना आहे. पूर्वेकडे ओतूर ही मोठी बाजारपेठ असून पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर या आदिवासी समाजांची वस्ती आहे. जवळच पिंपळगाव जोगे येथे कुकडी प्रकल्पातील एक धरण आहे. म्हणजे बागायती शेती, डोंगराळ आदिवासी पट्टा आणि मुंबईची वाट या तिन्ही गोष्टी येथे एकमेकींच्या सान्निध्यात आढळतात. वाचनाच्या अभ्यासाला असा मिश्र परिसर सोयीचा असतो, कारण तेथे एकाच गावात वाचनाच्या अनेक रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

वाङ्मयीन परंपरेच्या दृष्टीनेही हा भाग दरिद्री नाही. तुकारामांनी आपल्या गुरुपरंपरेत राघव चैतन्य, केशव चैतन्य आणि बाबाजी यांची नावे घेतली आहेत. त्या चैतन्य परंपरेची समाधी ओतूर येथे मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या देवालयाजवळ दाखविली जाते. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले अशी कथा सांगतात, त्या रेड्याची समाधी याच तालुक्यात आळे येथे आहे. अशिक्षित मुखातून शास्त्र उमटावे, ही त्या कथेची कल्पना वाचनाचा अधिकार कोणास या प्रश्नाशी निगडित आहे, हे सहज ध्यानात येईल. दक्षिणेस नारायणगाव हे तमाशाफडांचे केंद्र आहे. यात्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी देण्यासाठी येतात. तेव्हा पोथी, अभंग आणि वग हे तिन्ही प्रकार या परिसराच्या कानावर पिढ्यान् पिढ्या पडत आले आहेत. ‘कानावर’ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे.

३. पोथी : आकार, प्रकार आणि सवय

वाचनाच्या पाहणीत सवय, आवडता वाङ्मयप्रकार आणि पुस्तकाचा आकार या तीन बाबी स्वतंत्रपणे विचारल्या जातात. पोथीच्या संदर्भात मात्र या तिहींना एकमेकींपासून वेगळे करता येत नाही.

प्रथम आकार पाहू. पोथी म्हणजे आडव्या, सुट्या पानांचा संच. पाने शिवलेली नसतात. दोन फळ्यांमध्ये ती ठेवून वरून वस्त्र गुंडाळतात. त्या वस्त्रास बासन म्हणतात, आणि एखादे काम ‘बासनात गुंडाळले’ असे आपण आजही म्हणतो. पान वाचून झाले की ते खालून वर उलटतात, म्हणून मागील बाजूचा मजकूर वाचकासमोर सरळच येतो. पोथी हातात धरावी लागत नाही. ती ठवणीवर किंवा पाटावर सपाट राहते. अक्षर मोठे असते, ओळ लांब असते, आणि समईच्या वा कंदिलाच्या उजेडात मांडी घालून बसलेल्या माणसाला ती दुरून वाचता येते. हा सर्व आकार एका विशिष्ट कृतीसाठी सिद्ध झालेला आहे. ती कृती म्हणजे समोर बसलेल्या मंडळींना ग्रंथ वाचून दाखविणे. म्हणूनच छपाई आल्यावर बांधीव पुस्तक करणे सहजशक्य असतानाही मुद्रकांनी पोथ्या सुट्या आडव्या पानांतच छापल्या. मराठीतील मुद्रित ग्रंथांचा आरंभ श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये झाला. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ शिळाछापावर प्रसिद्ध केली. यंत्र नवे आले, तरी वाचण्याची रीत जुनीच होती, आणि ग्राहक त्या रीतीस सोयीचा आकार मागत होता.

आता वाङ्मयप्रकार पाहू. या पोथ्यांत सर्वाधिक लोकप्रिय ग्रंथ श्रीधरस्वामींचे होत. ‘हरिविजय’ (१७०२) छत्तीस अध्यायांचा, ‘रामविजय’ (१७०३) चाळीस अध्यायांचा, ‘पांडवप्रताप’ (१७१२) चौसष्ट अध्यायांचा, तर ‘शिवलीलामृत’ (१७१८) चौदा अध्यायांचा आहे. महिपतीचे ‘भक्तविजय’ (१७६२) आणि मालू नरहरीचा ‘नवनाथ भक्तिसार’ (१८१९) हेही याच पंक्तीतले. या सर्वांचा छंद ओवी आहे. ओवीचे चरण लवचीक असतात, तीन चरणांची यमके कानाला आधार देतात, आणि चौथा आखूड चरण वाचणाऱ्याला श्वास घेण्यास जागा देतो. त्या जागेत अर्थ सांगणारा आपले विवरण घालू शकतो. कवी वारंवार श्रोत्यांना संबोधितो, मागील अध्यायाची आठवण देतो, आणि अध्यायाच्या अखेरीस पुढील कथेची सूचना करतो. ही केवळ संप्रदायाची लकब नव्हे. काल न आलेला श्रोता आज आला, तर त्याला कथासूत्र सापडावे, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

अध्यायाची लांबीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. श्रीधरांच्या ग्रंथांत अध्याय साधारणपणे दोनशेच्या आसपास ओव्यांचा असतो. अर्थ सांगत, थांबत थांबत वाचल्यास तो एका रात्रीच्या बैठकीत पुरा होतो. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास सुमारे चार महिन्यांचा. रोज एक अध्याय याप्रमाणे ‘हरिविजय’ सुमारे सव्वा महिन्यात उरकतो, तर ‘पांडवप्रताप’ दोन महिने पुरतो. भाताची लावणी संपून कापणी सुरू होईपर्यंत शेतकऱ्याच्या संध्याकाळी तुलनेने मोकळ्या असतात. ‘पोथी लावणे’ हा वाक्प्रचार या हंगामी सवयीचा आहे. पोथी लागते, रोज थोडी पुढे सरकते, आणि समाप्तीच्या दिवशी प्रसाद होतो. येथे वाचनाची सवय घड्याळाच्या तासांनी मोजता येत नाही. ती पंचांगाने आणि पिकाच्या वेळापत्रकाने ठरते. आठवड्याला किती तास वाचता, हा प्रश्न श्रावणात विचारला तर एक उत्तर मिळेल आणि सुगीत विचारला तर दुसरे, ही साधी गोष्ट आपल्या प्रश्नावल्यांच्या लक्षात येत नाही.

४. ओतूरचे श्रोते आणि ‘शेतकऱ्याचा असूड’

पोथीश्रवणावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. ते श्रवण श्रद्धेचे असते, त्यात श्रोता निष्क्रिय असतो, म्हणून त्याला वाचनाची योग्यता देता येत नाही, असा तो आक्षेप आहे. त्याचे उत्तर याच परिसरातील एका घटनेत मिळते.

जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ मध्ये पुरा केला. त्याच्या प्रास्ताविक निवेदनात त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट नमूद केली आहे. ग्रंथ जसजसा तयार होत गेला, तसतसा तो त्यांनी ठिकठिकाणच्या शूद्र गृहस्थांना वाचून दाखविला. या ठिकाणांत पुणे, मुंबई, ठाणे व हडपसर यांच्याबरोबर जुन्नर आणि ओतूर ही नावे येतात. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला. म्हणजे एका संस्थानाधिपतीने आणि ओतूरच्या शेतकरी मंडळींनी एकच ग्रंथ एकाच रीतीने, लेखकाच्या तोंडून, हस्तलिखितावरून ग्रहण केला. ओतूर-जुन्नर भागात सत्यशोधक समाजाचा प्रभाव होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या यादीतील त्यांच्या समावेशाचे नवल वाटत नाही.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ‘असूड’ हा पाच प्रकरणांचा गद्य ग्रंथ आहे. त्यात देव नाही, फलश्रुती नाही आणि ओवीही नाही. त्याच्या पहिल्या प्रकरणाचा रोख जन्मापासून मृत्यूपर्यंतचे संस्कार व सणवार यांच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून पैसा कसा काढला जातो, याकडे आहे. पुढे सरकारी कारभार, कर, कर्ज, शेतकऱ्याच्या घराची व शेताची दैना, आणि शेवटी उपाय अशी मांडणी येते. हा विषय ऐकणाऱ्यांच्या रोजच्या जीवनाचा होता. पोथीतील श्रीकृष्णाच्या गोकुळाविषयी श्रोता शंका घेत नव्हता. आपल्याच ओसरीवरील वर्णन मात्र त्याला पडताळून पाहता येत होते. लेखक ग्रंथ वाचून दाखवीत होता तो या पडताळणीसाठीच. श्रोत्यांनी मान डोलावली, तर वर्णन बरोबर. अशा बैठकीत श्रोता हा ग्रंथाचा परीक्षक होतो. मुद्रणापूर्वी तज्ज्ञांकडून हस्तलिखित तपासून घेण्याची जी पद्धत आपण विद्यापीठात आदराने पाळतो, तिचेच हे एक रूप होय. फरक इतकाच की येथील तज्ज्ञांपैकी अनेकांना अक्षरओळख नसण्याचा संभव होता.

दुसरी बाब ग्रंथाच्या आकाराची. ‘असूडा’ची पहिली दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रात प्रसिद्ध झाली आणि पुढील छपाई थांबली. १८९० मध्ये फुले निवर्तले, तोपर्यंत संपूर्ण ग्रंथ पुस्तकरूपाने निघाला नव्हता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेले फुले यांचे समग्र वाङ्मय १९६९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा तो सर्वसामान्य वाचकांच्या आवाक्यात आला. म्हणजे ओतूरच्या त्या श्रोत्यांनी जो ग्रंथ ऐकला, तो शहरातील सुशिक्षित वाचकाला दुकानात मिळत नव्हता. आपल्या रूढ व्याख्येप्रमाणे १८८३ मध्ये ‘असूडा’ला वाचक जवळजवळ नव्हते. प्रत्यक्षात मात्र तो गावोगाव पोहोचला होता. पुस्तकांच्या प्रती मोजून वाचकांची गणना करणारी पद्धत येथे पुरती उघडी पडते.

५. अनेक प्रती, एक स्वर

श्रवणाची परंपरा छपाईमुळे लोप पावली, असे मानण्याचा प्रघात आहे. वारकरी सप्ताहाचे उदाहरण त्याविरुद्ध जाते.

अखंड हरिनाम सप्ताहाचा दिनक्रम महाराष्ट्रातील बहुतेक खेड्यांना परिचित आहे. पहाटे काकडा, सकाळी ‘ज्ञानेश्वरी’चे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन, सायंकाळी प्रवचन व हरिपाठ, आणि रात्री कीर्तन व जागर. ‘ज्ञानेश्वरी’च्या अठरा अध्यायांत नऊ हजारांहून अधिक ओव्या आहेत. सात दिवसांत पारायण पुरे करावयाचे, तर रोज सुमारे तेराशे ओव्या वाचाव्या लागतात. हे वाचन एकटा पुराणिक करीत नाही. मंडपात बसलेल्या प्रत्येकासमोर स्वतःची प्रत असते, आणि व्यासपीठचालकाच्या स्वराबरोबर सर्वजण एकाच गतीने मोठ्याने वाचतात.

ही रीत स्वस्त, छापील, बांधीव प्रतीवाचून शक्य नव्हती. हस्तलिखिताच्या काळी एक प्रत व अनेक श्रोते असत. मुद्रणाने अनेक प्रती आल्या, परंतु त्या प्रतींनी मंडळींना आपापल्या खोलीत धाडले नाही. अनेक प्रती आणि एक स्वर असा तिसराच प्रकार निर्माण झाला. यातील एक लाभ शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगा आहे. ज्याचे वाचन अडखळते, त्याला शेजारच्याचा स्वर सांभाळून घेतो. ऐकून ओळखीची झालेली ओवी तो पानावर शोधतो, आणि डोळा व कान यांची सांगड बसते. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेने प्रौढांना अक्षरओळख करून दिली. अशा मोहिमांपुढील कठीण प्रश्न नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळू नयेत हा असतो. ज्या गावात सामूहिक पारायणाची रीत आहे, तेथे या प्रश्नाचे एक उत्तर आधीच उपलब्ध असते.

स्त्रियांच्या वाचनाचाही निराळा विचार केला पाहिजे. श्रावणातील कहाण्यांची पातळ पुस्तिका, ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय, मार्गशीर्षातील गुरुवारची व्रतकथा ही वाचने घरातच होतात. एक सून वाचते, सासू आणि शेजारणी ऐकतात. ‘आपणांस वाचनाची आवड आहे काय’, या प्रश्नाला ती सून बहुधा नाही म्हणेल, कारण ती याला वाचन समजत नाही, व्रत समजते. अभ्यासकाने या उत्तरावर थांबू नये.

६. मूकवाचनाचे स्थान

येथपर्यंतच्या विवेचनावरून मूकवाचनाची योग्यता कमी लेखली आहे, असा समज होऊ नये. श्रवणाला स्वतःच्या मर्यादा आहेत, आणि त्या गंभीर आहेत.

श्रोत्याला ग्रंथ निवडता येत नाही. तो मागे वळून पान पाहू शकत नाही. वाचणाऱ्याने एखादा भाग गाळला, तर ते त्याला कळत नाही. अर्थ सांगणाऱ्याने आपल्या सोयीचा अर्थ सांगितला, तर तो पडताळण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. याहून मोठी मर्यादा बैठकीत कोणास बसू देतात, ही होय. राज्यघटनेने १९५० मध्ये अस्पृश्यता नाहीशी केली, त्यापूर्वी देवळातील पोथी सर्वांसाठी नव्हती. कित्येकांना ती बाहेरून, दूर अंतरावरून ऐकावी लागे, आणि कित्येकांना तेवढीही मुभा नव्हती. पश्चिमेकडील आदिवासी वस्त्यांची स्वतःची गीते व कथा होत्या, पण त्यांना पोथीचा मान मिळाला नाही. ज्याला बैठकीत जागा नाही, त्याला एकट्याने वाचता येणे हीच मुक्ती असते. फुले यांनी शूद्रातिशूद्रांच्या विद्येसाठी आयुष्य वेचले, त्याचे मर्म हेच होते. आपला ग्रंथ वाचून दाखविणारा हा लेखक श्रोत्यांनी श्रोतेच राहावे, असे मुळीच मानीत नव्हता.

मूकवाचनाच्या सवयीबरोबर नवे प्रकार व नवे आकार आले. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठी कादंबरीची आरंभीची कृती. तिच्यानंतर कादंबरी हा एकान्तातील वाचनाचा मुख्य प्रकार ठरला. ‘करमणूक’ (१८९०) या साप्ताहिकाने कादंबरी हप्त्याहप्त्याने घरी पोहोचविली. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, आणि वर्षातून एकदा का होईना जाडजूड वाङ्मयीन अंक घरात आणण्याची सवय मराठी मध्यमवर्गाला लागली. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ तर भिंतीवरच टांगलेले असते. महिन्याचे पान उलटले की मागील बाजूस लेख वा पाककृती मिळते. ज्या घरात दुसरे पुस्तक नसेल त्या घरातही हा मजकूर वाचला जातो, परंतु पुस्तकांच्या यादीत त्याचे नाव कोणी सांगत नाही.

सार्वजनिक वाचनालयांचा उगम शहरांत झाला. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. खेड्यांपर्यंत ही चळवळ पोहोचण्यास दीर्घ काळ लागला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला, आणि त्यानंतर मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान मिळू लागले. ही व्यवस्था उपकारक ठरली, यात शंका नाही. तथापि वर्गवारीत मोजता येणाऱ्या बाबींना, म्हणजे ग्रंथसंख्या, नियतकालिके आदींना, महत्त्व असते. ग्रंथालयाच्या खोलीत आठवड्यातून एकदा कोणी वाचून दाखविते काय, हे कोणी विचारीत नाही. वाचकाची जी संकुचित व्याख्या प्रबंधिकेत दिसते, तीच अनुदानाच्या हिशेबातही उतरते. एका सदोष व्याख्येचे मोल असे कागदाबाहेरही द्यावे लागते.

७. मोबाइलचा पडदा आणि जुनी सवय

आजच्या पाहणीत छापील पुस्तक की पडदा, असा पर्याय ठेवला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के होती. मोबाइल खेड्यांत सर्वत्र पोहोचला आहे. तेव्हा हा प्रश्न गैर नाही, परंतु अपुरा आहे. मोबाइलवर मनुष्य वाचतो तसाच ऐकतोही. कीर्तने, पारायणे, कथाकथन, श्राव्य पुस्तके हे सर्व त्याच यंत्रातून येते. शहरी वाचकाला श्राव्य पुस्तक हा नवा शोध वाटतो. डिंगोऱ्यासारख्या गावातील माणसाला ती फार जुन्या सवयीची नवी सोय वाटण्याचा संभव अधिक.

मात्र येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पोथीच्या बैठकीत ऐकणारे एकत्र असतात. शंका विचारता येते, शेजारी हुंकार देतो, वाचणारा श्रोत्यांचे चेहरे पाहून गती कमी-अधिक करतो. कानाला यंत्र लावून एकट्याने ऐकणारा यांपैकी काहीच करू शकत नाही. म्हणजे श्रवण सामूहिकच असते आणि वाचन एकाकीच असते, हे समीकरणही आता टिकत नाही. अभ्यासकाला दोन निराळ्या कसोट्या वापराव्या लागतील. ग्रहण डोळ्यांनी होते की कानांनी, ही पहिली कसोटी. ते एकट्याने होते की समूहात, ही दुसरी. या दोहोंच्या संयोगाने चार प्रकार होतात : एकट्याचे मूकवाचन, एकट्याचे श्रवण, समूहातील श्रवण, आणि प्रत्येकाच्या हाती प्रत असलेले सामूहिक वाचन. पोथीची बैठक तिसऱ्या प्रकारात, सप्ताहातील पारायण चौथ्या प्रकारात, कादंबरी पहिल्या प्रकारात व मोबाइलवरील कथा बहुधा दुसऱ्या प्रकारात पडेल. एकच व्यक्ती वर्षाच्या निरनिराळ्या काळात या चारही प्रकारांत आढळू शकेल.

८. अभ्यासकांसाठी काही सूचना

या विवेचनावरून क्षेत्रीय पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही सूचना निघतात.

पहिली, ‘आपण वाचता काय’ या प्रश्नाने आरंभ करू नये. घरात कोणती पुस्तके, पोथ्या, पंचांगे, दिनदर्शिका वा अंक आहेत, आणि ती शेवटची कधी उघडली गेली, असे विचारावे. वस्तूपासून आरंभ केल्यास उत्तर अधिक विश्वसनीय मिळते.

दुसरी, आवडत्या वाङ्मयप्रकाराविषयी विचारताना ग्रंथालयशास्त्रातील नावे वापरू नयेत. ‘ललित गद्य’ वा ‘चरित्रात्मक वाङ्मय’ यांचा बोध सर्वांना होत नाही. कोणती गोष्ट पुन्हा ऐकावीशी वाटते, या प्रश्नाने रुची अधिक स्पष्टपणे कळते.

तिसरी, वाचणारा व ऐकणारे यांची स्वतंत्र नोंद करावी. दोहोंना एकाच रकान्यात कोंबू नये. असे केल्यास साक्षरतेची उणीव झाकली जाण्याचा धोका असतो, आणि ती झाकणे हे श्रोत्यांवरच अन्याय करणारे आहे.

चौथी, पाहणी वर्षातून किमान दोनदा करावी : एकदा चातुर्मासात, एकदा सुगीनंतर यात्रांच्या हंगामात. एकाच ऋतूतील आकडे वर्षभराच्या सवयीचे म्हणून सादर करू नयेत.

पाचवी, बैठकीत कोण नसते, याची चौकशी अवश्य करावी. हजर असलेल्यांची यादी करणे सोपे असते. गैरहजर कोण व का, हे समजल्याशिवाय कोणत्याही गावाच्या वाचनाचे चित्र पुरे होत नाही.

वाचक कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर यावरून असे देता येईल : ग्रंथ ज्याच्यापर्यंत पोहोचतो, जो तो ध्यानात ठेवतो, आणि आपल्या अनुभवाशी ताडून त्याविषयी मत बनवितो, तो वाचक होय. हे कार्य डोळ्यांनी घडो अथवा कानांनी. ही व्याख्या स्वीकारली, तर ओतूरच्या त्या श्रोत्यांना मराठी वाचकांच्या इतिहासात स्थान द्यावे लागेल. त्याचबरोबर त्यांच्या नातवंडांच्या व पणतवंडांच्या हाती स्वतः निवडलेले पुस्तक पडावे, यासाठी गावात चांगले ग्रंथालय असलेच पाहिजे, हेही मान्य करावे लागेल. या दोन मागण्यांत विरोध नाही. ज्या ग्रंथालयात कपाटे भरलेली आहेत आणि संध्याकाळी एक जण मोठ्याने वाचीत बसला आहे, त्या ग्रंथालयात दोन्ही एकाच वेळी पुऱ्या होतात.